आवाज काढायचा आहे

सुरुवातीलाच सांगतो, कॅसेट माझ्या हातून तुटली नाही. टेप माझा होता, तो धुळ्याला नेण्याचा हट्ट माझा होता, त्याचं झाकण ज्या रबराने बांधलं होतं ते रबरही माझ्या घरचं होतं. हात मात्र भिकनचा होता. आमच्या गल्लीत याबद्दल जे काही सांगितलं जातं ते हिलाल नानांनी पसरवलेलं आहे, आणि नाना त्या दिवशी धुळ्यात नव्हतेच.

श्रावण लागला आणि ताईबाई अक्का आमच्याकडे आल्या. जळगावातल्या आमच्या गल्लीची श्रावणातली देवी, कानबाई, अक्कांच्या हुकमाने बसते. देवीची नथ कुणाच्या घरून आणायची, नैवेद्याच्या रोटांचा गहू कुठे दळायचा, हे बठ्ठं त्या ठरवतात. अक्का खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "प्रेमराजभाऊ, या साली गाणं कोण म्हणी?"

कानबाईचं सत्तावीस कडव्यांचं गाणं सबंध गल्लीत एकटीला येत होतं, माझ्या बायकोला, सुनंदाला. बाकीच्यांना धृपद आणि इकडचं तिकडचं एखादं कडवं. मागच्या श्रावणात ती दवाखान्यात होती, तेव्हा देवीला मोबाइलवरच्या कसल्याशा गाण्यावर बसवलं. तेव्हापासून गल्लीच्या बोअरची मोटर दोनदा जळाली, आणि हा योगायोग आहे असं अक्का मानत नाहीत. दिवाळीनंतर ती गेली.

"सुनंदानी कॅसेट भरेल शे," अक्का म्हणाल्या. "मी दरसाली इसरी जाऊ म्हणीसन तिनी मनासाठी भरी ठेवेल व्हती. पण दिधीच नही. म्हणे, मी शे ना अजून."

कॅसेट शिलाई मशीनच्या खणात सापडली. शोधायला दोन दिवस लागले. ती असताना आमच्या घरातली प्रत्येक वस्तू जागेवर असायची, फक्त ती जागा मला ठाऊक नसायची. मी एसटीच्या डेपोत भांडारपाल म्हणून तेहतीस वर्षं काढली. तिथे डोळे मिटून मी क्लचप्लेट काढून देत असे. घरी मला रुमाल सापडत नसे. कॅसेटवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कानबाई. २७ कडवी. पुसू नये.'

टेप माळ्यावरून काढला, धूळ पुसली, झाकण राहत नव्हतं म्हणून रबर लावलं, आणि कॅसेट लावली.

स्वयंपाकघरात बसून भरलेली होती. कुकर चालू होता, कूलर चालू होता, बाहेर कुणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती. या सगळ्यावरून तिचा आवाज. अकराव्या कडव्याच्या शेवटी ती सूर लांबवते. तो सूर चालू असतानाच मागून, बहुधा मोरीतून, माझा आवाज येतो, "मनं बनियन कोठे शे?"

आणि ती गाणं न थांबवता, चाल न मोडता, त्याच कानबाईच्या चालीत उत्तर देते, "दोरीवर शे, डोया उघाडीसन देखा." आणि लगेच बारावं कडवं.

मी टेप बंद केला. नऊ-दहा महिन्यांनी तिचा आवाज ऐकला होता आणि तिने मला आंधळा ठरवलं होतं. उठून दोरीवरचे कपडे काढले, कारण अंधारून आलं होतं.

आता माझी अडचण समजून घ्या. कॅसेट अक्कांना द्यायची यात प्रश्न नव्हता. पण ती लाउडस्पीकरवर लागणार. देवी पाटावर, समोर गल्लीतल्या चाळीस बायका, त्यांचे नवरे, शिवाय दर वर्षी जामनेरहून येणारे अक्कांचे व्याही. त्या सगळ्यांसमोर देवीच्या गाण्यात माझं बनियन. मी निवृत्त झालो तेव्हा डेपो मॅनेजरांनी भाषणात माझा 'शिस्तीचा माणूस' असा उल्लेख केला होता, आणि ते व्याही त्या समारंभाला हजर होते. म्हणून मी ठरवलं की गाणं द्यायचं, पण आधी त्यातून मला काढून टाकायचं. एवढंच काम. एक वाक्य.

समोरच्या घरात स्वप्नील राहतो. तो पुण्याच्या कंपनीचं काम जळगावात घरी बसून करतो. नेमकं काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. "आबा, हे पाच मिनिटांचं काम आहे. लॅपटॉपवर घेऊ, फुकट सॉफ्टवेअर मिळतं."

पाच मिनिटांपैकी पहिले तीन दिवस वायर शोधण्यात गेले. माझ्या टेपला जिथून आवाज बाहेर येतो ते भोक होतं, पण त्याच्या लॅपटॉपला आवाज आत घ्यायचं भोकच नव्हतं. नवीन लॅपटॉपला भोकं देत नाहीत म्हणे. मग त्या भोकासाठी एक डबी मागवली. डबी आली ती दुसऱ्याच भोकाची. ती परत पाठवून दुसरी मागवली. भांडारात असा माल आला असता तर मी पुरवठादाराला लेखी विचारलं असतं. स्वप्नील म्हणाला, "चालायचंच, आबा."

पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तेव्हा गाण्यात अकरा ठिकाणी 'टिंग' वाजलं. ते त्याच्या साहेबाचे निरोप होते. नवव्या कडव्यात साहेब स्वतः आले आणि इंग्रजीत म्हणाले की मंगळवारपर्यंत झालंच पाहिजे. मला हटवायला गेलो आणि गाण्यात आणखी एक माणूस आला.

दुसऱ्यांदा सगळे निरोप बंद करून घेतलं. आता मला काढायचं होतं. नुसतं कात्रीने कापता येत नव्हतं, कारण मी तिच्या लांबवलेल्या सुरावरच बोललो होतो. मला कापलं तर तिचा सूरही कापला जाई. स्वप्नील म्हणाला, "हरकत नाही. कोणता आवाज नको ते त्याला आधी नमुना म्हणून दाखवायचं. मग तो तसला आवाज सगळीकडून काढून टाकतो." त्याने माझं वाक्य निवडलं, त्यावर निळा पट्टा आला आणि खाली इंग्रजीत काहीतरी उमटलं. मी अर्थ विचारला.

"गोंगाटाचा नमुना नोंदवला, असं आहे," तो म्हणाला.

बेचाळीस वर्षांच्या संसारात मला बरंच काही म्हटलं गेलं, पण अशी अधिकृत नोंद कुणी केली नव्हती.

निकाल मात्र वाईट होता. नवरा-बायकोचे आवाज इतक्या वर्षांनी एकमेकांत मिसळतात की काय कोण जाणे, पण मला पुसताना संगणकाने तिलाही निम्मं पुसलं. ती हतनूर धरणाच्या पाण्याखालून गात आहे असं वाटत होतं. मी अजून होतोच, फक्त आता मी 'बनियन कोठे शे' हे बादलीत तोंड घालून विचारत होतो.

तिसऱ्यांदा चांगलं घेतलं. पंचवीस कडवी नीट आली. सव्विसाव्याला पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरं आली की अपडेट चालू आहे, कृपया संगणक बंद करू नका. तो आम्ही बंद केला नाही. दीड तास आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. दोनदा चहा झाला. शेवटी तो आपणच बंद झाला, आपणच सुरू झाला, आणि त्याला आमची काहीच आठवण नव्हती.

"सेव्ह करायचं राहिलं, आबा," स्वप्नील म्हणाला. त्याचा चेहरा पाहून मी काही बोललो नाही.

पण हिलाल नाना बोलले. नाना म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे जुने रेडिओ मेकॅनिक. दुकान बंद केल्याला बरीच वर्षं झाली, तरी खिशात अजून टेस्टर असतो. ते स्वप्नीलच्या ओट्यावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी सांगस ते ऐक, प्रेमराज. ज्या डब्यात सिनेमा दिसतो, तिकीट निघतं, लाइटबिल भरलं जातं, त्या डब्यात गाणं घ्यायचंच नाही. त्याला कामं किती? गाण्याचं मशीन वेगळं पाहिजे. त्याला दुसरं काही येताच कामा नये."

"नाना, त्या मशीनच्या आतही संगणकच असतो," स्वप्नील म्हणाला. "फक्त त्याला पडदा नसतो."

"पडदा नही म्हणीसनच तो काम करस," नाना म्हणाले. "तुना सारखा देखत बसत नही."

मला नानांचं पटलं. भांडारातला माणूस आहे मी. पाना म्हणजे पाना आणि जॅक म्हणजे जॅक. जे अवजार सगळं करतं असं सांगतात ते मी नेहमी खालच्या फळीवर ठेवत आलो. स्वप्नीलचंही चुकत नव्हतं, पण त्याच्या बाजूला निळा पडदा होता आणि नानांच्या बाजूला अजून काहीच बिघडलेलं नव्हतं. नानांनी धुळ्याचा पत्ता दिला. भिकन म्हणून एक माणूस, देवपुरात त्याची खोली, त्याच्याकडे खास आवाजाचं मशीन, आणि तो नानांच्या हाताखाली शिकलेला.

धुळ्याला जायच्या आधी अक्कांनी आणखी एक काम अंगावर टाकलं. लाउडस्पीकरची परवानगी. "तुमले सह्या-शिक्कास्ना अनुभव शे," त्या म्हणाल्या. मी अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि परत सरकवला.

"सहावा रकाना रिकामा आहे. कलाकाराची सही."

"कलाकार नाहीत. कॅसेट आहे."

"कॅसेटमध्ये कोण आहे?"

"माझी बायको."

"मग त्यांची सही आणा. बाहेरगावी असतील तर संमतिपत्र चालेल."

मी म्हणालो, "बाहेरगावी नाही." पिशवीत मृत्यूच्या दाखल्याची प्रत होती. मी त्या वेळी पंधरा प्रती काढून घेतल्या होत्या, कारण भांडारात असताना मी कोणतीही गोष्ट कमी मागवली नाही. पेन्शन, गॅस, रेशनकार्ड, बँक यात अकरा गेल्या. उरलेल्या चार कधी काय लागेल म्हणून पिशवीतच असतात. एक काढून दिली.

बाईंनी ती पूर्ण वाचली. मग त्यांनी सहाव्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'ध्वनिमुद्रित' असं लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "ध्वनिमुद्रिताला सही लागत नाही, काका. दाखला परत ठेवा. पुढे लागेल कुठेतरी."

सोमवारी मी धुळ्याच्या बसमध्ये बसलो. भिकनकडे टेप असणार हे नानांनी सांगितलं होतं, पण तिची कॅसेट परक्या टेपमध्ये घालायला माझं मन होईना. म्हणून आपला टेप तिच्या एका जुन्या सुती साडीत गुंडाळला, गाठ मारली आणि मांडीवर घेतला. एरंडोलच्या पुढे कंडक्टर आला.

"आबा, गाठोड्यात काय आहे? कोंबडी असेल तर सांगा."

"टेप आहे."

"हलतंय ते."

"बस हलतेय."

त्याने गाठोड्याला कान लावला. मी पुरावा म्हणून बटण दाबलं, आणि नेमका टेप सुरू झाला. साडीच्या आतून कुकरची शिट्टी झाली. मागच्या सीटवरची बाई म्हणाली की गॅस बंद करा. मी त्याच डेपोत तेहतीस वर्षं काढली आहेत असं मी कंडक्टरला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग तुम्हाला तर नियम माहीत पाहिजेत," आणि पारोळा येईपर्यंत माझ्याकडे संशयाने बघत राहिला.

भिकनची खोली माडीवर होती. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले होते. मधोमध टेबलावर एक काळं मशीन, त्यावर मशेरीच्या डबीएवढा पडदा आणि गोल फिरवायच्या खूप कळा. भिकन चाळिशीचा, जाडसर, कानावर हेडफोन अडकवलेला. हिलाल नानांचं नाव काढताच उठून उभा राहिला.

"संगणकावर नेलं होतं का आधी?" त्याने डॉक्टरसारखं विचारलं.

मी कबूल केलं.

"तरीच." त्याने मशीनवर हात ठेवला. "आबा, संगणक म्हणजे लग्नघर. शंभर पाहुणे, शंभर कामं. तुमचं गाणं कोणत्या कोपऱ्यात पडलं, कुणाला पत्ता नसतो. हे आमचं मशीन म्हणजे एकटा माणूस. त्याला एकच काम. पण कधी थांबणार नाही, कधी अपडेट होणार नाही."

एकटा माणूस कधी थांबत नाही हे मला माझ्या अनुभवावरून पटलं नाही, पण मी मान डोलावली.

"बोला, काय करायचं?"

आणि इथे मी ते वाक्य बोललो. मी म्हणालो, "कॅसेटमध्ये आमची मंडळी गाते. बाकी गोंगाट आहे. तिचा आवाज काढायचा आहे. अगदी स्वच्छ काढ."

यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. शाळेत गुरुजी आवाज काढ म्हणायचे तेव्हा आम्ही मोठ्याने कविता म्हणायचो. पण भिकनच्या धंद्यात रोज दहा माणसं येतात आणि म्हणतात, या गाण्यातला आवाज काढा, आम्हाला वरून गायचंय. हळदीचे कार्यक्रम, शाळेची गॅदरिंगं, सगळ्यांना नुसतं संगीत हवं असतं. आवाज काढणे म्हणजे काढून टाकणे. त्याच्या मशीनला त्यासाठी एक लाल बटणच होतं.

"स्वच्छ निघेल," तो म्हणाला. "नावालाही राहणार नाही."

मी समाधानाने चहा प्यायलो. कॅसेट माझ्या टेपवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजली, मशीनने ती घेतली. भिकनने हेडफोन काढून ठेवला होता. "ऐकायची गरज नाही," तो म्हणाला, "मशीन ऐकतं." मग त्याने लाल बटण दाबलं, थोडा वेळ थांबला आणि मोठ्या स्पीकरवर लावलं.

कूलर आला. कुकर आला. काय सुरेख कुकर होता, वाफ सुटताना झाकण थरथरतं तेही ऐकू येत होतं. बाहेरची रिक्षा सुरू व्हायचा प्रयत्न करत होती. तिच्या बांगड्या आल्या, कारण ती गाताना मांडीवर ताल धरते. ती मात्र नव्हती. मी वाट पाहिली. भिकनही वाट पाहत असावा, पण संगीताची. त्याने कळ फिरवली, आवाज वाढवला. कूलर वाढला. आणि मग, मोरीतून, पण आता अगदी समोर उभं राहून विचारल्यासारखं आलं, "मनं बनियन कोठे शे?"

उत्तर आलं नाही. कूलर चालू राहिला.

भिकनने माझ्याकडे पाहिलं. "आबा, यात गाणं कोणतं?"

मी त्याला काय झालं ते सांगितलं. सांगायला वेळ लागला. माणूस वाईट नव्हता. ऐकून त्याने कपाळाला हात लावला, म्हणाला, "भाऊ, घाबरू नका, कॅसेट आहे ना, परत घेऊ." फीत मागे न्यायला त्याने माझ्या टेपमधली कॅसेट उलटी करून घातली, रबर बाजूला झालं, त्याने घाईत बटण दाबलं, आणि टेपने कॅसेट खाल्ली. एक बारीक कर्र आवाज झाला. झाकण उघडलं तेव्हा आत शेवयांचा गठ्ठा. ओढू नको म्हणेपर्यंत त्याने ओढलं. दोन ठिकाणी तुटली, मधला हातभर तुकडा चुरगळून गेला. हात कुणाचा होता ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

खाली रस्त्यावर कुणी केळी विकत होतं.

मग मी विचारलं, "काढलेला आवाज कुठे ठेवला?"

"म्हणजे?"

"तू तिचा आवाज काढलास. काढलेली वस्तू कुठे ठेवलीस?"

"आबा, आवाज आहे तो. काढला म्हणजे गेला."

"जात नाही," मी म्हणालो. "तेहतीस वर्षांत गाडीतून काढलेला एकही भाग गेला नाही. मोडका बोल्टसुद्धा भंगाराच्या फळीवर चिठ्ठी लावून ठेवलेला असतो. काढला असशील तर कुठेतरी असणार."

त्याने मशीनचा छोटा पडदा वरखाली करून पाहिला. दोन ओळी मावतील एवढा तो पडदा, त्यात एकच नाव दिसत होतं. मग त्याने मशीनच्या बाजूने नखाएवढं कार्ड काढलं. यावरच सगळं उतरतं, म्हणाला, पण संध्याकाळी नरडाण्याच्या पार्टीचं रेकॉर्डिंग आहे, कार्ड पुसून त्यांच्यासाठी लावायचंय.

'पुसून' हा शब्द ऐकल्यावर मी स्टुलावर बसलो. "हे कार्ड मी नेणार."

"आबा, माझ्याकडे एकच आहे."

"मग पार्टी येईपर्यंत मी इथे बसतो. पार्टीला मी समजावतो."

मी बसल्यावर कसा दिसतो ते त्याने पाहिलं. डेपोत मोठमोठे ड्रायव्हर इंडेंटचा कागद न आणता माल मागायला यायचे, तेव्हा मी असाच बसायचो. भिकन गुपचूप खाली उतरला, दुसरं कार्ड घेऊन आला आणि पहिलं माझ्या हातात दिलं. तुटलेली कॅसेट त्याने पांढऱ्या कागदात नीट बांधून दिली. मी निघताना पायाही पडला.

परत येताना कार्ड मी चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि डबी मुठीत. कंडक्टर तोच होता. "कोंबडी विकली का?" म्हणाला. तिचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि अशा वेळी मला कोंबडीवर बोलता येत नाही.

स्वप्नीलने कार्ड लॅपटॉपला लावलं. नानाही आले होते, धुळ्याची बातमी त्यांना फोनवर कळली होती आणि ते मशीनच्या वतीने थोडे खाली मान घालून उभे होते. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन नावं आली. मशीनच्या छोट्या खिडकीत न मावलेलं दुसरं नाव.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मशीनने जे काढून टाकलं ते," स्वप्नील म्हणाला. "टाकलेलंही त्याने वेगळं ठेवलंय, आबा."

"भंगाराची फळी," मी म्हणालो.

त्याने लावलं. कूलर नाही, कुकर नाही, रिक्षा नाही. ती एकटी. पहिल्या कडव्यापासून. एवढ्या स्वच्छ आवाजात मी तिला ती असतानाही ऐकलं नव्हतं, कारण घरात नेहमी काही ना काही चालू असायचं, आणि बरेचदा ते मीच असायचो. हिलाल नानांनी खिशातला टेस्टर काढला, पाहिला, परत ठेवला. अकरावं कडवं आलं. तिने सूर लांबवला. तो पूर्ण होता, कुठेही चिरलेला नव्हता. मी त्यात नव्हतो, मोरीतून लांबून आलेल्या मला मशीननेही गोंगाटातच धरलं होतं. मला हवं होतं तसंच झालं होतं.

आणि मग ती गायली, "दोरीवर शे, डोया उघाडीसन देखा."

आता यात कुणी काही विचारलेलंच नव्हतं. देवीच्या गाण्यात मधेच काहीतरी दोरीवर होतं.

"हे मात्र अलगद कापता येईल," स्वप्नील म्हणाला. "यावर दुसरा आवाज नाही. कापू का, आबा?"

त्याचं बोट तयार होतं. शिस्तीच्या माणसाने हो म्हणायला हवं होतं. माझ्या हातात तुटलेल्या कॅसेटचा कागद होता आणि त्यातून तिचं अक्षर दिसत होतं.

"राहू दे," मी म्हणालो. "पुसू नये लिहिलंय."

"मग लोक काय म्हणतील?" नानांनी विचारलं.

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

कानबाई रविवारी बसली. सोमवारी सकाळी विसर्जनासाठी तिला उठवायच्या आधी अक्कांनी सगळ्यांना मांडवात जमवलं. पाटावर देवी, नथ घातलेली, समोर बायका, कडेला खुर्च्यांवर पुरुष. जामनेरचे व्याही पहिल्या रांगेत. स्वप्नीलने लॅपटॉप लावला होता आणि नानांनी त्याच्याशेजारी स्वतःचा जुना अॅम्प्लिफायर आणून ठेवला होता. दोघं एकाच वायरवर भांडत होते, तेव्हा सगळं ठीक आहे हे मला कळलं.

गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला दोनतीन बायकांनी पदर डोळ्याला लावला. मग अक्का धृपद म्हणू लागल्या, मागून सगळ्या. पाचव्या-सहाव्या कडव्यापर्यंत मांडव भरून गेला. मी मागच्या खांबाला टेकून कडवी मोजत होतो. नववं. दहावं. अकरावं आलं. आता चाळीस बायका ऐकणार, काय दोरीवर शे, कुणाला बोलतेय, आणि कुणीतरी हसणार, आणि तिच्यावर हसणार. चूक तिची नव्हती. विचारलं मी होतं. ती बिचारी उत्तर देऊन मोकळी झाली होती आणि प्रश्न मी धुळ्याला टाकून आलो होतो.

तिने सूर लांबवला. बायका गप्प झाल्या, कारण तिथे ती नेहमीच एकटी असायची.

मी खांब सोडला आणि मोरीतून विचारतात तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "मनं बनियन कोठे शे?"

चाळीस डोकी मागे वळली. व्याही खुर्चीतच फिरले. आणि स्पीकरवरून, चाल न मोडता, ती म्हणाली, "दोरीवर शे, डोया उघाडीसन देखा."

कुठूनतरी एका बाईला हसू फुटलं, तिच्यामागे सगळ्या मांडवाला. हसता हसता बारावं कडवं आलं आणि त्यांनी ते हसतच उचललं. मी परत खांबाला टेकलो. बाकीची पंधरा कडवी मला नीट दिसली नाहीत.

देवी उठली, बायका फुगड्या घालत नदीकडे निघाल्या. अक्का माझ्यापाशी थांबल्या. त्यांनी कंबरेवर हात ठेवला.

"प्रेमराजभाऊ, साठ वरीस व्हयनात मी हाई गाणं ऐकी राहिनू. ते मझारनं कडवं कोठलं शे? मनी मायकडे नही व्हतं."

"आमना घरनं शे," मी म्हणालो.

अक्कांनी पदर खोचला. "पुढला साले जरा जोरमा इचारज्यात," त्या म्हणाल्या आणि देवीच्या मागे गेल्या.